काचवाल्याच्या गाडीचं नाक

माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा, काचा बसवतात. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, कपाटांची दारं. आमच्या भागात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, सगळे त्यांना 'हळू' म्हणतात. काच उचलताना, जिना चढताना, गाडी वळवताना, अगदी कुणी चहाचा कप पुढे केला तरी त्यांच्या तोंडून आधी तोच शब्द निघतो. माझे बाबा आत्याचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, दुधाने पोळलेली माणसं ताक फुंकून पितात हे ठीक आहे, पण आमचे भाऊजी ताक फुंकतात, मग पेला फुंकतात आणि शेवटी 'राहू दे, नको' म्हणून परत करतात.

त्यांची भीती आभाळातून पडलेली नव्हती. तरुणपणी ते ज्या उस्तादाकडे काम शिकले, तो उस्ताद एकदा जिन्यावरून मोठं तावदान उतरवताना घसरला. काचेचं वरचं टोक आतोबांच्या हातात होतं. त्यांनी ते सोडलं नाही, पण खालची कड उस्तादाच्या मनगटावर बसली. उस्ताद वाचला. त्या हाताची मूठ मात्र पुन्हा कधी मिटली नाही. आतोबा सांगतात, काच फुटण्याआधी आवाज करते असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. फुटण्याआधी ती एकदम गप्प होते. त्यांना त्या गप्प होण्याची भीती बसली ती कायमची.

आत्या अगदी दुसऱ्या टोकाची. काचेच्याही दुसऱ्या टोकाला तीच असते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आतोबांचा मदतनीस काम सोडून गेला आणि आत्याने कुणाला न विचारता हातमोजे चढवले. तेव्हापासून दोघं मिळून काच उचलतात. काच धरलेली असताना त्यांच्यात तीनच शब्द चालतात: उचल, थांब, आता. एरवी आत्याच्या तोंडाची टकळी थांबत नाही, पण काच हातात असली की ती त्या तीन शब्दांपलीकडे जात नाही. भीती तिला कशाचीच वाटायची नाही. उंच शिडीवर उभी राहून ती खालच्या माणसाशी भाजीच्या भावावर वाद घालायची आणि आतोबा खाली शिडी धरून डोळे मिटून घ्यायचे.

त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे. एका फर्निचरवाल्याकडून घेतलेली, तिच्यावर त्याने कपाटं आणि पलंग वाहून तिची पुढची बाजू पार बसवून टाकली होती. मागचे स्प्रिंगचे पाटे जड मालासाठी बनवलेले, ते ताठच्या ताठ. पुढे मात्र जान उरली नव्हती. त्यामुळे रिकामी उभी असली की गाडी नाक खाली आणि शेपूट वर करून उभी राहायची, एखादा बैल ढुशी द्यायला निघाल्यासारखी. फर्निचरला त्याने काही बिघडत नव्हतं. काचेला बिघडत होतं. काच गाडीच्या मागच्या हौद्यात आडवी ठेवत नाहीत, उभी ठेवतात. त्यासाठी लाकडाची एक घोडी असते, दोन्ही बाजूंनी उतरती, तिच्यावर काचा टेकवून पट्ट्यांनी आवळायच्या. काचेच्या कडा गाडीच्या लांबीच्या दिशेने असतात. म्हणजे गाडीचं नाक खाली असलं तर प्रत्येक काच थोडी थोडी पुढे सरकू बघते, आणि पुढे असते केबिन, केबिनला मागे एक लहान खिडकी, आणि त्या खिडकीच्या बरोबर पुढे बसणाऱ्याची मान.

एके सकाळी एका सायकलवाल्याला वाचवायला आतोबांनी ब्रेक दाबला. गाडी हळूच होती, पण एका तावदानाचा पट्टा सैल होता. ते घसरत पुढे आलं आणि त्याचा कोपरा मागच्या खिडकीवर टेकला. टेकला म्हणजे टिचकी मारल्याएवढाच आवाज झाला. घरी आल्यावर आतोबांना खिडकीच्या काचेत एक बारीक तडा दिसला. तो आत्याच्या बाजूला होता. त्यांनी तिला काही सांगितलं नाही. तिने स्वतःच पाहिला आणि म्हणाली, काचवाल्याच्याच गाडीची काच फुटकी, हे म्हणजे सुताराच्या घरात मोडकी खुर्ची. आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

आतोबांचा तिथून सुरू झाला. त्यांना झोप लागेना. जेवताना ते आत्याच्या मानेकडे बघत बसायचे. तिने विचारलं, काय लागलंय मानेला, तर नजर वळवायचे. गाडी चालवताना ते एक हात मागे नेऊन पट्टा चाचपायचे, तेही चालत्या गाडीत, म्हणजे एका भीतीपायी दुसरी ओढवून घ्यायचे. शेवटी ते गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेले आणि विचारलं, गाडीचं नाक वर करता येईल का. मिस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं की पुढचं सगळं नवीन घालायचं तर त्या खर्चात दुसरी गाडी येईल. स्वस्तातला उपाय एकच. या गाडीला पुढे स्प्रिंग नाही, पिळलेली सळई आहे. ओलं फडकं पिळून धरावं तशी ती पिळून धरलेली असते आणि तिच्या त्या पिळावर गाडीचं पुढचं वजन उभं राहतं. सळईच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो, नाक वर येतं. फुकटचं काम. फक्त बोटभर वर घ्या, त्याच्यावर जाऊ नका, जास्त ताणलीत तर चाकाचे जुने सांधे कुरकुरतील, असं तो म्हणाला. त्याच्याकडे त्या आठवड्यात गाड्यांची रांग लागली होती, म्हणून आतोबांनी बाबांना विचारलं.

बाबांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, जिन्याचे कठडे, गॅलरीच्या जाळ्या. न भिण्याच्या बाबतीत ते आत्याचेच भाऊ. त्यांनी ऐकताक्षणी सांगितलं, येत्या रविवारी आणा, चहा होईपर्यंत करून देतो.

त्या रविवारी मीही घरी होते. दुकानासमोरच्या अंगणात गाडी उभी केली. बाबांनी जॅक लावला आणि खाली सरपटत शिरायला लागले, तोच आतोबांनी त्यांचा पाय धरला. आधी त्यांनी दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. मग स्टँडशेजारी लाकडाचे ठोकळे रचले. मग स्टेपनी काढून तीही गाडीखाली सरकवली. बाबा पालथे पडून वाट बघत होते. ते म्हणाले, भाऊजी, मला खाली जागा ठेवा थोडी.

माझ्याकडे काम होतं पाणसळीचं. गवंड्यांकडे असते तसली ती पट्टी, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. हौद्यात मधोमध ती ठेवायची आणि बुडबुडा कुठे आहे ते सांगायचं. पहिल्यांदा बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटला होता, मागची बाजू उंच होती म्हणून. बाबांनी दोन्हीकडचे बोल्ट सारखे फिरवले, गाडी जॅकवरून खाली घेतली, आम्ही सगळ्यांनी मिळून ती जरा पुढे ढकलली, जरा मागे ओढली, म्हणजे ती नीट बसते, आणि मी पुन्हा बघितलं. बुडबुडा थोडा सरकला होता. पुन्हा जॅक, पुन्हा ठोकळे, पुन्हा स्टेपनी. आत्या दारात बसून सांगत होती की एवढ्या वेळात तिने गाडी डोक्यावर घेऊन सरळ केली असती.

आणखी एकदा फिरवल्यावर बुडबुडा जवळजवळ मध्ये आला. एका रेषेला तो अजून शिवत होता एवढंच. बाबा बाहेर आले, हात पुसले, चाकावरच्या फटीत बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "बास झालं, भाऊजी. बोटभर सांगितलं होतं, इथे दोन बोटं झाली."

आतोबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बुडबुड्याकडे पाहिलं. मग केबिनच्या मागच्या खिडकीतल्या तड्याकडे पाहिलं.

"अजून थोडं," ते म्हणाले.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली शिरले. बोल्ट आता सहज फिरत नव्हता, पान्ह्याला पाइप जोडून जोर लावावा लागला. गाडी खाली आली तेव्हा बुडबुडा दोन रेषांच्या बरोबर मध्ये उभा होता. आतोबांनी खूप दिवसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी चहा फुंकला नाही.

काही दिवस सगळं बरं चाललं. गाडी पुढून ताठ झाली होती, खड्ड्यात गेली की दात वाजायचे. पण काचा जागच्या हलत नव्हत्या, आणि आतोबांना तेवढं पुरेसं होतं. मग एका उताराच्या रस्त्यावर त्यांना डाव्या चाकाकडून आवाज आला. टक्. चाक खड्ड्यात उतरताना एकच, बारीक. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. त्यांनी आत्याला विचारलं, ऐकू आलं का. ती तेव्हा जावेच्या बहिणीच्या लग्नात काय काय झालं ते सांगत होती, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, जुनी गाडी आहे, तीही म्हातारपणी बडबडणारच. आणि हसले. आत्याही हसली.

मिस्त्रीकडे आतोबा गेलेच नाहीत. का गेले नाहीत, हे त्यांनी मला पुढे खूप दिवसांनी सांगितलं. ते दोनदा गॅरेजच्या दारापर्यंत गेले होते आणि परत फिरले होते. मिस्त्रीने पाहिलं असतं तर तो बोल्ट सैल करा म्हणाला असता. बोल्ट सैल झाला असता तर नाक खाली आलं असतं. नाक खाली म्हणजे पुन्हा काच आणि पुन्हा ती मान. पुढे टक्, मागे तडा. त्यांना मागच्याची भीती जास्त होती, म्हणून पुढच्याची त्यांनी गिळली. शिवाय लोकांच्या हसण्यालाही ते कंटाळले होते. आयुष्यभर माणूस 'हळू हळू' करत आला, एकदा तरी गप्प बसून बघू, असं त्यांना वाटलं असावं.

मग ते आरशांचं काम आलं. नदीकडच्या खालच्या भागात एक बाई नाच शिकवतात. त्यांना वर्गाच्या एका भिंतीला पुरुषभर उंचीचे चार आरसे हवे होते. खालच्या भागात जायला घाटासारखा एक उतार आहे. उजवीकडे डोंगर, डावीकडे बसक्या दगडांचा कठडा, आणि कठड्यापलीकडे झाडांच्या शेंड्यांशिवाय काही दिसत नाही. आतोबा तो रस्ता टाळतात, पण दुसरा रस्ता फार लांबचा आणि खडबडीत, आरशांना तो सोसला नसता. दोघांनी सकाळी आरसे भरले, घोडीच्या दोन्ही अंगांना दोन दोन, मध्ये गोणपाट, वरून पट्टे. आतोबांनी प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला. आत्या गाडीत बसून डबा मांडीवर घेऊन तयार होती.

उतार सुरू झाला आणि आवाजही सुरू झाला. टक्. टक्. आतोबांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. आत्या म्हणाली, चालत निघालो असतो तर आत्तापर्यंत आरसे लावून परत आलो असतो. आतोबांचे तळहात घामाने इतके ओले झाले होते की एकेक हात सोडून ते गुडघ्याला पुसत होते. थांबायला जागा नव्हती. थांबून करायचं काय, तेही सुचत नव्हतं. पुढच्या वळणाच्या अलीकडे रस्त्यावर पाण्याने पाडलेली एक आडवी चर होती. तिथे आवाज होणार हे त्यांना माहीत होतं, ते दात आवळून त्याची वाट बघत होते.

डावं चाक चरीत उतरलं. आवाज झाला नाही.

ते सांगतात, त्या क्षणी त्यांना कळलं. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, कुणी दुसऱ्या टोकाने सोडून दिल्यासारखं. मग कडकड करत डावं चाक आत मुडपलं आणि गाडीचं नाक त्या बाजूला कोसळलं. गाडी लोखंड रस्त्यावर घासत डावीकडे ओढली गेली. आतोबा ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. चालीच्याच वेगात होते म्हणून थांबली. थांबली तेव्हा पुढचा कोपरा कठड्याच्या दगडांना भिडला होता आणि दोन दगड खाली गेले होते. ते कुठे पडले त्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

आत्याचं दार कठड्याला टेकलं होतं, ते उघडणं शक्य नव्हतं. तिच्या खिडकीतून खाली फक्त झाडं दिसत होती. आणि त्याच वेळी दोघांना मागून तो आवाज ऐकू आला. लाकडावर रबर घासल्यासारखा, अगदी सावकाश. आरसे पुढे सरकत होते.

"मागे बघू नकोस," आतोबा म्हणाले.

एरवी ती म्हणाली असती, का, भूत आहे का मागे. आत्ता तिचा डबा खाली पडून उघडला होता आणि तिचे हात तसेच मांडीवर डबा धरल्यासारखे राहिले होते. आतोबांनी हातब्रेक ओढला, पण तो जुना होता, त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पाय ब्रेकवरून उचलला तर गाडी आणखी पुढे जाईल अशी भीती. म्हणजे त्यांना आधी उतरता येत नव्हतं. तिलाच त्यांच्या अंगावरून, त्यांच्या दारातून बाहेर पडायला हवं होतं. आणि हे सगळं गाडी न हलवता.

त्यांनी आपलं दार उघडलं, तसूतसूने. मग ते तिच्याशी तिच्या ओळखीच्या एकाच भाषेत बोलले.

"उचल."

तिने स्वतःला सीटवरून उचललं. एक गुडघा गिअरच्या दांड्यापलीकडे टाकला. गाडी कुरकुरली.

"थांब."

ती थांबली. तिच्या कपड्याचं टोक दांड्याला अडकलं होतं. आतोबांनी ते एका हाताने सोडवलं, पायाचा दाब कमी न करता. तिचा श्वास त्यांच्या कानाला लागत होता. मागे आरसा पुन्हा थोडा सरकला आणि त्याचा कोपरा खिडकीला टेकला. तोच तडा होता, तो आता वाढत गेला, बर्फावर रेघ पडावी तसा.

"आता."

ती त्यांच्या मांड्यांवरून सरकत बाहेर रस्त्यावर पडली. कोपरं सोलली. मागच्या गाड्यांतली माणसं धावत आली, कुणी ओरडू लागलं की त्यांना ओढून काढा. तिने सगळ्यांना मागे सारलं, कठड्याचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि मागच्या चाकाच्या पुढ्यात लावला. मग दुसऱ्या चाकाला दुसरा. लाथ मारून दोन्ही घट्ट केले, आणि मगच त्यांना उतरा म्हणाली.

त्यांनी पाय उचलला. गाडी दगडांवर बसली, वीतभरसुद्धा हलली नसेल. ते बाहेर आले, दोन पावलं चालले, आणि मागून एका बाजूचे दोन्ही आरसे एकदम सुटले. पुढचा आरसा ती लहान खिडकी फोडून सरळ केबिनमध्ये शिरला आणि डाव्या सीटच्या पाठीवर फुटला. सीटचं रेक्झिन वरपासून खालपर्यंत फाटलं.

आतोबा रस्त्याच्या मधोमध बसले. आत्या त्यांच्या शेजारी येऊन बसली. लोक पाणी देत होते, ते कुणी घेत नव्हतं.

"मला आवाज येत होता," ते म्हणाले. "रोज येत होता. मी पुन्हा बोललो नाही."

"मला पुन्हा का नाही सांगितलंत?"

"हसली असतीस."

आत्याने एकाच्या हातातलं पाणी घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

बाबा मिस्त्रीला आणि ओढायच्या गाडीला घेऊन पोचले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर होते. बाबांनी केबिनमध्ये डोकं घालून पाहिलं आणि तसेच मागे मागे सरकत कठड्यावर जाऊन बसले. मी त्यांना आधी कधी कठड्यावर असं दोन्ही हातांनी दगड धरून बसलेलं पाहिलं नव्हतं. मिस्त्रीने मुडपलेल्या चाकाखाली हात घालून सुटलेला सांधा दाखवला. सुपारीएवढा लोखंडाचा गोळा, ज्याच्या आधारावर चाक फिरतं. तो आधीच झिजलेला होता, त्यात वर ताणल्यामुळे वाकडा धरला गेला होता आणि प्रत्येक खड्ड्यात आपल्या घरातून थोडा थोडा बाहेर येत होता. बोल्ट कुणी एवढा फिरवला, असं त्याने विचारलं.

बाबा म्हणाले, मी. आतोबा म्हणाले, फिरव मी म्हटलं होतं, तो बास म्हणत होता. बाबा म्हणाले, पान्हा माझ्या हातात होता. दोघांचं असं एकमेकांवरून दोष ओढून घेणं बराच वेळ चाललं असतं, पण मिस्त्री म्हणाला, तुमच्यात कोण जास्त गाढव ते सावकाश ठरवा, आधी साखळी धरा.

गाडी दुरुस्त झाली, तीही जमेल तेवढ्या कमी खर्चात. दोन्ही बाजूंना नवे सांधे घातले. बोल्ट मागे फिरवून नाक बोटभरच वर ठेवलं. उरलेला उतार काढायला घोडीच्या पुढच्या पायांखाली लाकडाची पाचर मारली, म्हणजे गाडी थोडी वाकलेली असली तरी काचेची कड समपातळीत राहते. पाणसळ मीच धरली होती. एवढी साधी गोष्ट आधी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, सगळे गाडीकडे बघत होतो. बाबांनी केबिन आणि हौद्याच्या मध्ये जाड पत्रा उभा केला. तो जोडून झाल्यावर त्यांनी त्यावर हातोडा मारून पाहिला. मग पुन्हा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांच्या घरी जाऊन त्यांनी तो आणखी एकदा ठोकून पाहिला.

बाबांचं तिथे थांबलं नाही. त्यांनी दुकान काही दिवस बंद ठेवलं आणि गेल्या कित्येक वर्षांत बसवलेले कठडे बघत घरोघर फिरले. लोकांना नवल वाटायचं. हा माणूस येतो, गॅलरीचा कठडा धरून गदागदा हलवतो, खाली रस्त्याकडे बघतो आणि काही न बोलता निघून जातो. एका घरी त्यांना एक सांधा सुटत आलेला सापडला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

नाचाच्या बाईंनी वाट बघितली. आतोबांनी नवे आरसे लांबच्या रस्त्याने, बाजारातल्या एका माणसाला मदतीला घेऊन, जीव मुठीत धरून नेले. त्या माणसाबरोबर त्यांना काच उचलता येईना. तो चांगला होता, ताकदीचा होता, पण 'थांब' म्हटल्यावर अर्धं पाऊल आणखी टाकायचा.

बाजारातला माणूस घ्यावा लागला, कारण आत्या गाडीत बसायला तयार नव्हती. अपघाताच्या दिवशी ती थरथरली नव्हती. तिचं थरथरणं संध्याकाळी भांडी घासताना सुरू झालं आणि मग ते जाईना. वर खोलीत काही पडलं की ती जागच्या जागी उभी राहायची. शिडीवर चढणं तिने सोडलं. मोठमोठ्याने बोलणंही कमी झालं, त्याने तर आम्हालाच भीती वाटायला लागली. आतोबांनी तिला एकदाही बस म्हटलं नाही. ते रोज सकाळी निघण्याआधी गाडीखाली वाकून चारही चाकं हाताने हलवून बघायचे आणि आत येऊन तिला सांगायचे, आज डावीकडे बारीक कुरकुर आहे, मिस्त्रीला दाखवून मग पुढे जातो. किंवा, आज काही नाही. ती ऐकायची आणि मान हलवायची. असं बरेच महिने चाललं.

मग एका सकाळी त्यांनी आत येऊन सांगितलं, आज काही नाही, आणि ती हातमोजे घेऊन त्यांच्या मागोमाग बाहेर आली. गाडीत चढली. दार लावून घेतलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आतोबा म्हणाले, हळू. ती हसली नाही.

आता दोघं पुन्हा एकत्र काम करतात. तो उतारही उतरतात, गिअर पहिलाच. तिथल्या वळणाआधी आतोबा रस्त्यातच गाडी उभी करतात, मागचे हॉर्न वाजोत की न वाजोत, आणि खाली उतरून एकेका चाकाला हात लावून येतात. ते परत बसेपर्यंत ती कान देऊन ऐकत असते. "काय?" ती विचारते, आणि ते जे असेल ते सांगतात. मधला पत्रा चांगला जाड आहे, त्यातून काच काय, बैलही आत येणार नाही, आणि सीटला नवं रेक्झिनही लावलं आहे. पण मी त्यांच्याबरोबर जाते तेव्हा बघते, आत्या अजून सीटला पाठ टेकत नाही. पुढे वाकून, दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून, ती सगळा रस्ता तशीच बसते.